दमलेल्या माणसासाठी समुद्रकिनारा: जवळच्या जवळ खरी विश्रांती कशी घ्यावी

“जरा समुद्रावर जाऊन ये, बरं वाटेल,” असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. जायचं कधी, सोबत काय घ्यायचं आणि तिथे पोचल्यावर नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. मग कामाने पिचलेला माणूस सुट्टीच्या दिवशी भर दुपारी किनाऱ्यावर पोचतो. गाडी लावायला जागा शोधताना अर्धा जीव जातो, ऊन लागतं, फोन वाजत राहतो आणि संध्याकाळी तो डोकं धरून घरी येतो. वर म्हणतो, “समुद्राने काही फरक पडला नाही बुवा!”

हा लेख अशा माणसासाठी आहे. ज्याला एक-दोन दिवसांची सवड आहे, दोन-तीन तासांत गाठता येईल असा किनारा आहे आणि ज्याला तिथे खरोखरच विसावा हवा आहे. पोहता आलंच पाहिजे असं नाही. स्थळदर्शन, जलक्रीडा, फोटोसाठी सुंदर जागा असलं काही हवं असेल तर त्याची माहिती दुसरीकडे भरपूर मिळेल. इथे सगळा खटाटोप एक दिवस मोकळा ठेवण्याचा आहे, आणि दिवस मोकळा ठेवायला आधीच्या आठवड्यात बरीच कामं उरकावी लागतात.

समुद्रापाशी बरं का वाटतं, याबद्दल दोन शब्द. अठराव्या शतकात रिचर्ड रसेल नावाचे एक इंग्रज डॉक्टर रोग्यांना समुद्रस्नान करायला सांगत, आणि समुद्राचं पाणी प्यायलाही. (दुसरा भाग कृपया मनावर घेऊ नका.) अलीकडचं जास्त पटणारं स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलं. दिवसभर आपण ओढूनताणून लक्ष देतो, ती क्षमता थकते. लाटा, ढग, हलणारी पानं यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेली क्षमता भरून येते. हे पटलं की पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप पटतील. किनाऱ्यावर बसून मोबाइल बघणाऱ्याचं ओढूनताणून लक्ष देणं चालूच असतं, फक्त जागा बदललेली असते.

१. आधी ओळखा, तुम्ही कशाने दमलात

सगळा थकवा सारखा नसतो. झोप साठली असेल तर मुक्कामाची जागा शांत आणि अंधारी हवी, किनारा दुय्यम. डोकं शिणलं असेल तर पाण्यासमोर काही न करता बसायला मिळायला हवं. माणसांनी दमवलं असेल, म्हणजे सतत बोलणं, समजूत काढणं, घरातलं आजारपण, तर एकटं जाणं हेच औषध. आणि दिवसभर खुर्चीत बसून अंग आंबलं असेल तर वाळूवर पडून राहून काही होणार नाही, चालावं लागेल.

सबिन सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामाच्या ताणातून सावरण्याच्या चार वाटा सांगितल्या: कामातून मनाने सुटणं, शरीर सैल होणं, काहीतरी नवं जमणं आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. मला यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण किनाऱ्याच्या सहलीत नेमकी तीच हातची जाते. दहा जणांच्या गटात जेवायला कधी, निघायचं कधी, फोटो कुठे, हे सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं. तो दिवस मजेचा होईल, विसाव्याचा होणार नाही. दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका.

सोबत कुणी हवंच असेल तर गप्प बसता येईल असं माणूस न्या. मुलं लहान असतील तर जोडीदाराशी आधीच वाटणी करा. सकाळचे तीन तास एकाचे, दुपारचे तीन दुसऱ्याचे. “बघू तिथे गेल्यावर” म्हटलं की बघणारा एकच ठरतो, आणि तो कोण हे घरात सगळ्यांना माहीत असतं.

२. किनारा जवळचा निवडा, नावाजलेला नको

पाच तास गाडी चालवून गाठलेला देखणा किनारा आणि दीड तासावरचा साधा किनारा यांत विसाव्यासाठी दुसरा बरा. प्रवासात घालवलेली ताकद परत मिळवायलाच पहिला दिवस जातो. शिवाय जवळच्या किनाऱ्यावर पुन्हा जाता येतं. एकदा तिथली वाट, सावली, पाण्याचा स्वभाव कळला की पुढच्या वेळी डोक्याला काही काम उरत नाही, आणि आपल्याला तेच तर हवं आहे.

निवडताना एवढं तपासा:

- जीवरक्षक असतात का, आणि किती वाजेपर्यंत?
- स्वच्छतागृह आणि गोडं पाणी चालत जाण्याच्या अंतरावर आहे का?
- सावली कशाची आहे? झाडांची असेल तर उत्तम, नसेल तर छत्री न्यावी लागेल.
- पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, किती उताराची आहे? सपाट, रुंद पुळणीवर लाटा दूर फुटतात आणि लोळत येतात. तीव्र उतार असेल तर लाट थेट काठावर आदळते आणि उभ्या माणसाला पाडते.
- खाडीचं किंवा नदीचं मुख किती जवळ आहे? तिथे पाण्याला ओढ जास्त असते, म्हणून बसायला हरकत नाही पण पाण्यात उतरू नये.

मुक्काम करणार असाल तर “समुद्राला लागून” या जाहिरातीच्या शब्दांवर विसंबू नका. नकाशावर अंतर मोजा, आणि आजूबाजूला मोठ्या आवाजाचं संगीत लावणारी किंवा समारंभांची जागा आहे का ते फोन करून विचारा. किनाऱ्याचं अंतर थोडं जास्त असलं तरी चालतं. रात्रीची झोप गेली तर सगळंच गेलं.

३. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायला शिका

नवखे लोक हवामान बघतात, भरती बघत नाहीत. खरं तर दिवसाचा आराखडा भरतीवर ठरतो. किती पुळण मिळणार, चालायला घट्ट वाळू कधी असणार, खडकांपलीकडून परतीची वाट कधी बंद होणार, हे सगळं तिथेच कळतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास. त्यामुळे आज जी वेळ आहे, ती उद्या साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी सकाळी दहाला पाणी पूर्ण आत गेलेलं पाहिलंत, तर रविवारी ते अकराच्या थोडं आधी तसं दिसेल. सगळीकडे असंच असतं असं नाही. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, भूमध्य समुद्रात पाणी फारसं चढउतरतच नाही, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ते १६ मीटरच्या आसपास चढतं. म्हणून आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक बघायचं, शेजारच्या बंदराचं नाही.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण येतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते, पाण्याची धावही जास्त असते. मधल्या काळात, अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी बेताने चढतं-उतरतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत. उधाणाला समुद्र बघायला भारी दिसतो, पण चटई टाकून निवांत पडायला तो जागा देत नाही.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. खलाशी लोकांचा एक ठोकताळा आहे: एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच चढतं. लोक फसतात ते इथेच. ओहोटीला खडकांवरून पलीकडच्या छोट्या पुळणीवर जातात, पहिला तासभर पाणी जागचं हलत नाहीसं वाटतं, डोळा लागतो, आणि जाग येते तेव्हा वाट पाण्याखाली. खडक ओलांडून कुठेही जायचं असेल तर ओहोटी संपायच्या आधी जा आणि पाणी चढायला लागताच परत फिरा.

वेळापत्रकातल्या उंचीचे आकडे एका ठरावीक पातळीपासून मोजलेले असतात. तुमच्यासमोर पाणी किती खोल असेल, ते त्यांवरून कळत नाही. जोराचा वारा किंवा कमी दाबाचा पट्टा असेल तर पाणी लिहिलंय त्याहून जास्त चढू शकतं.

४. वार आणि वेळ

आठवड्याच्या मधला दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं. एक रजा टाकून मिळालेला रिकामा किनारा सुट्टीच्या दोन दिवसांना भारी पडतो.

वेळ सकाळची. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुटतात. दुपारनंतर त्यांचा जोर असतो. वाळू उडते, छत्री उलटते, पाणी खवळल्यासारखं दिसतं, वाचायला घेतलं तर पान हातात राहत नाही. पहाटे हवा शांत असते, वाळू थंड असते, उजेड डोळ्यांना खुपत नाही. सूर्योदयापासून साडेनऊपर्यंतचा वेळ मला पूर्ण दिवसाइतका मोलाचा वाटतो. म्हणूनच शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करा. पहाटे तीनला उठून गाडी हाकायची आणि मग “विसावा” घ्यायचा, यात काही राम नाही.

५. कामाला कुलूप लावा

किनाऱ्यावर फोन बंद ठेवा, असं सांगणं सोपं आहे. फोन बंद ठेवूनही डोकं चालूच राहतं, कारण काहीतरी अर्धवट सोडलेलं असतं. म्हणून ही तयारी निघायच्या दोन-तीन दिवस आधी करायची.

एका कागदावर अडकलेली सगळी कामं लिहा. प्रत्येकासमोर तीनांपैकी एक खूण करा: निघण्याआधी संपवणार, परतल्यावर करणार, किंवा अमुक माणूस बघणार. चौथा पर्याय ठेवूच नका. “जमलं तर तिथून बघतो” म्हणून सोडलेली कामंच किनाऱ्यापर्यंत पाठलाग करतात.

मग ज्यांना गरज पडू शकते त्यांना एक निरोप पाठवा. त्यात तीनच गोष्टी हव्यात: मी कधी नाही, तोवर कुणाशी बोलायचं, आणि खरोखरची आणीबाणी म्हणजे काय. शेवटची गोष्ट बरेच जण लिहीत नाहीत आणि मग पुढच्या व्यक्तीला प्रत्येकच गोष्ट आणीबाणीची वाटते. “फाइल सापडत नाही” ही आणीबाणी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. “तातडीचं असेल तर फोन करा, मी आहेच” हे वाक्य सौजन्य म्हणून लिहायचा मोह होतो. लिहू नका. ते वाक्य वाचणारा त्याचा शब्दशः अर्थ घेतो.

घरच्यांसाठी मात्र संपर्क खुला ठेवा. बहुतेक फोनमध्ये ठरावीक नंबरांचेच फोन वाजतील अशी सोय असते. ती लावा, बाकी सगळं मूक. कामाचा मेल आणि चॅटचे अॅप दोन दिवसांपुरते फोनवरून काढूनच टाकले तर आणखी बरं. नुसती सूचना बंद केली तरी अंगठा सवयीने तिकडे जातोच.

६. पिशवी

कमी न्या. जे न्याल ते वाळूत, खाऱ्या हवेत आणि ओलं होणार हे धरून न्या.

कागदपत्रं आणि तत्सम:

- ओळखपत्र, मुक्कामाच्या आरक्षणाची प्रत (फोनमध्ये आणि कागदावरही)
- चालू औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- घरच्या माणसाचा आणि स्थानिक आपत्कालीन सेवेचा नंबर, कागदावर लिहून. फोन पाण्यात पडला की पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही
- थोडे सुटे पैसे. किनाऱ्यावर नेटवर्क दगा देतं

वस्तू:

- रुंद काठाची टोपी, सुती पूर्ण बाह्यांचा सैल सदरा, गॉगल
- सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त
- पिण्याचं पाणी, वाटतं त्यापेक्षा जास्त
- चटई आणि दोन पंचे, एक अंगासाठी, एक फक्त पाय पुसण्यासाठी
- झिप असलेली जलरोधक पिशवी फोन आणि किल्लीसाठी
- छोटा चिमटा, जखमेवरची पट्टी, जंतुनाशक मलम
- कोरडे कपडे आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी
- कागदी वही आणि पेन

लॅपटॉप या यादीत नाही, आणि तो गाडीच्या डिकीतही नको. “फक्त सोबत असू दे” म्हणून नेलेला लॅपटॉप उघडला जातोच. पुस्तक न्यायचं तर एक, आणि ते कामाच्या विषयाचं नको.

औषधांबद्दल एक गोष्ट. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही प्रतिजैविकांमुळे त्वचा उन्हाला जास्त भाजते. झोपेसाठी किंवा ताणासाठी काही औषध चालू असेल तर ऊन आणि घाम यांचा त्यावर काय परिणाम होतो, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सुट्टी आहे म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका.

७. पोचल्यावर लगेच काही करू नका

पोचल्यावर पहिली १५-२० मिनिटं थोड्या उंचीवरून, म्हणजे पुळणीच्या वरच्या कडेवर बसून, नुसतं पाणी बघा. याने दोन कामं होतात. प्रवासाची घाई अंगातून उतरते, आणि समुद्र आज कसा आहे ते कळतं.

काय बघायचं? आधी मागच्या भरतीची रेघ शोधा. वाळलेलं शेवाळ, शंख-शिंपले, काटक्या, दुर्दैवाने प्लॅस्टिकही, एका ओळीत पडलेलं असतं. चटई त्या रेघेच्या वर टाका. मग लाटा फुटतात ती जागा न्याहाळा. सगळीकडे पांढरा फेस आहे आणि मध्येच एका पट्ट्यात लाटा फुटतच नाहीत, पाणी तिथे जरा गडद किंवा गढूळ आहे, पृष्ठभाग चुरगळल्यासारखा दिसतो, आणि फेसाचे पुंजके काठाकडे यायच्या ऐवजी आत चालले आहेत. असा पट्टा दिसला तर तो रिप करंट, म्हणजे आत ओढून नेणारा प्रवाह. गंमत अशी की नवख्या माणसाला तोच सगळ्यात शांत, उतरायला सोपा भाग वाटतो.

ध्वजही बघा. लाल-पिवळा ध्वज म्हणजे तिथे जीवरक्षकांचं लक्ष आहे, उतरायचं तर दोन ध्वजांच्या मधल्या भागात. लाल म्हणजे धोका, दुहेरी लाल म्हणजे पाणी बंद. जांभळा असेल तर जेलीफिशसारख्या दंश करणाऱ्या जीवांचा इशारा. काही ठिकाणी अर्थ थोडे वेगळे असतात, म्हणून तिथला फलक वाचा आणि जीवरक्षकाला सरळ विचारा. “आज कुठे उतरू नये?” हा प्रश्न “कुठे उतरू?” पेक्षा कामाचा.

फोटो काढायचेच असतील तर या वीस मिनिटांनंतर एकदाच काढा आणि फोन पिशवीत टाका.

८. पाण्यात: पोटरीपर्यंत पुरे

विसाव्यासाठी खोल पाण्याची गरज नाही. ओल्या वाळूवर अनवाणी उभं राहा. लाट येते, घोट्यांना वेढते आणि परत जाताना टाचांखालची वाळू चोरून नेते. टाचा खचतात, बोटं आपोआप वाळू पकडतात, तोल किंचित मागे जातो, आणि पुढची लाट येईपर्यंत दोन्ही पाय बोटभर रुतलेले असतात. हे दहा मिनिटं केलं तरी लक्ष डोक्यातून पायांत उतरतं. ध्यानधारणा न जमणाऱ्यांना हे जमतं.

त्याहून आत जायचं असेल तर चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. लोक बुडतात ते बहुधा थकून, कारण ते सरळ काठाच्या दिशेने प्रवाहाशी झुंजतात. या प्रवाहाचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरच्याही वर गेल्याची नोंद आहे. ऑलिम्पिकचा जलतरणपटूही तिथे हरतो. अडकलात तर आधी पाठीवर तरंगत श्वास सांभाळा. हात वर करून मदत मागा. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या आधाराने तिरपे काठाकडे या.

दुसरं कुणी अडकलं तर आपण उडी टाकू नका. जीवरक्षकाला हाक मारा, तरंगणारं काहीही अडकलेल्या माणसाकडे फेका, बोट दाखवत नजर त्याच्यावर ठेवा.

समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. मद्य घेतलं असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका, यावर चर्चा नको. आणि गडगडाट ऐकू आला की पाणी आणि मोकळी पुळण दोन्ही सोडा. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्यावरच परत या.

जेलीफिश वाळूत मेलेली, वाळलेली दिसली तरी हात लावू नका, तिच्या तंतूंचा दंश तेव्हाही होऊ शकतो. दंश झालाच तर जागा चोळू नका, गोडं पाणी किंवा लघवी यांपैकी काही ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा आणि जीवरक्षकाकडे जा. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय.

९. ऊन

एक सोपी खूण: तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, सावलीत जा. साधारण दहा ते चार हा काळ किनाऱ्यावर काढायचा नाही. जेवा, झोपा, वाचा, पण छपराखाली.

ढगाळ दिवस फसवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्के किरण परावर्तित करतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही नाक भाजतं. सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या, मान आणि पायांच्या पंज्यांची वरची बाजू हमखास राहून जाते. सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही हा समज सोडून द्या.

डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर ही उन्हाची लक्षणं आहेत. सावली, पाणी, ओला पंचा. माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर वैद्यकीय मदत ताबडतोब.

१०. रिकामा वेळ रिकामाच राहू द्या

तास-दीड तास झाला की कंटाळा येतो. येऊ द्या. रोज दर पाच मिनिटांनी काहीतरी बघायची सवय लागलेली असते, ती अशी एकदम सुटत नाही. याच वेळी लोक उठून “जवळपास बघण्यासारखं काय आहे?” असं शोधायला लागतात आणि दिवस हातचा जातो. या कंटाळ्यातून पार झालात की पुढचे तास खरे आपले.

हातांना काहीतरी हवंच असेल तर ओहोटीला पाण्याच्या कडेने घट्ट वाळूवर चाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघा, म्हणजे परतताना, दमल्यावर, वारा पाठीला असतो. वाळूतली खेकड्यांची बिळं बघा, भोवती गोळ्यांची नक्षी असते. प्राणी जिवंत असलेला शंख उचलू नका. डोक्यात कामाचे विचार येत राहिले तर वहीत एका ओळीत लिहा आणि वही मिटा. लिहिलं की ते पुन्हा पुन्हा वर येत नाहीत. रडू आलं तर तेही चालतं. ताण सैल पडताना बऱ्याच जणांचं असं होतं.

दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची ठेवा. रात्रीचं जागरण साठलेलं असेल तर मात्र मनसोक्त झोपा, किनारा कुठे पळून जात नाही.

११. परत निघताना आणि परतल्यावर

दमायच्या आधी निघा. सूर्यास्त बघून सगळेच एकदम निघतात आणि रस्ता तुंबतो. एकतर तासभर आधी निघा, नाहीतर अंधार पडल्यावर निवांत. गाडी तुम्हीच चालवणार असाल तर पहिला पर्याय.

अंगाला चिकटलेली वाळू ओली असताना पुसू नका, ओरखडे उठतात. ती सुकू द्या, थोडी टाल्कम पावडर लावून झटका, मग पाय धुवा. फोनच्या चार्जिंगच्या खाचेत वाळू गेली असेल तर सुई घालू नका, मऊ ब्रशने काढा.

शक्य असेल तर परतल्यावरचा अर्धा दिवस मोकळा ठेवा. कामावर गेल्यावर पहिल्या तासात मेलचा डोंगर उपसू नका. तुम्ही केलेली ती यादी काढा, “परतल्यावर करणार” अशी खूण असलेल्यातलं एक काम पूर्ण करा आणि मगच बाकीचं उघडा.

सुट्टीने आलेला ताजेपणा कामावर परतल्यावर झपाट्याने ओसरतो, बहुधा काही दिवसांत, असं यावरच्या अभ्यासांतून वारंवार दिसलंय. त्यामुळे वर्षातून एकदा आठ दिवस काढण्यापेक्षा अधूनमधून एखादा दिवस काढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. झोप न लागणं, छातीत धडधड, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांची वेळ घ्या आणि किनारा त्याच्या जोडीला ठेवा, त्याच्या जागी नाही.

पुढची तारीख परतल्या आठवड्यातच ठरवा. वेळापत्रकात भांगाच्या आसपासचा, आठवड्याच्या मधला, सकाळी ओहोटी असलेला दिवस शोधा आणि रजेचा अर्ज टाकून मोकळे व्हा.